लोणारचे मोठे चित्र आणि आपली नजर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, आणि त्यानंतरची सारी वर्षे चूल, मुले, सासर आणि हे आपले मंडळ यांत गेली. तरीही अध्यक्षबाईंनी आग्रह केला की, "तुम्ही त्या लोणारच्या फोटोची हकीकत सांगा, नुसती आपसात ठेवू नका." त्या हकीकतीत माझी एक मोठी चूक आहे. ती चारचौघींत सांगायला जीभ जड होते. पण चूक चारचौघींतच झाली होती, तेव्हा कबुलीही चारचौघींतच द्यावी, असे मनाने घेतले आणि उभी राहिले. जिच्याविषयी बोलणार आहे तिला विचारूनच बोलते आहे. नाव मात्र घेणार नाही.

आपल्या मंडळाची सहल २०२३ सालच्या डिसेंबरात लोणारला गेली, ती पुष्कळ जणींना आठवत असेल. वाटूर, मंठा करीत आपण पोचलो. प्रथम गावातील दैत्यसूदनाचे दर्शन घेतले आणि मग सरोवराच्या काठावर गेलो. माझ्या बहिणीचा मुलगा बरोबर होता. त्याला छायाचित्रांचा नाद. काठावर त्याने तिपाई उभी केली, कॅमेरा चढवला, आणि थोडा थोडा फिरवीत तो फोटोमागून फोटो घेत राहिला. आपण चिवडा खाल्ला, चहा प्यायलो, तरी त्याचे संपेना. मी म्हटले, "अरे, एवढे मोठे तळे एका फोटोत येत नाही का?" तो म्हणाला, "मावशी, येते. पण मग त्यातली माणसे मुंगीएवढी दिसतील. मला तळेही सगळे पाहिजे आणि मुंगीचे पायही."

पुढे घरी त्याने मला समजावून सांगितले ते असे. आपण रांगोळी काढतो तेव्हा ठिपके जितके जास्त तितकी नक्षी बारीक. फोटोचेही तसेच असते. एका फोटोत ठरावीक ठिपके मावतात. म्हणून मोठ्या देखाव्याचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा वेगळा फोटो घ्यायचा आणि मग ते संगणकावर जोडायचे. गोधडी शिवताना आपण एका तुकड्याची कड दुसऱ्याखाली थोडी सरकवतो ना, तसाच इथे प्रत्येक फोटो शेजारच्या फोटोवर सुमारे तिसरा हिस्सा चढवलेला असतो. त्या सामाईक भागातले झाड, दगड ओळखून संगणक शिवण घालतो. भाच्याने चार ओळींत प्रत्येकी अठरा असे बहात्तर फोटो घेतले होते आणि ते पुरे वर्तुळ फिरून घेतले होते. म्हणजे समोर सरोवर, मागे बस, चहाची टपरी आणि आपण अठ्ठावीस जणी, सारे एकाच चित्रात.

अशा चित्राला पॅनोरामा म्हणतात. हा शब्द छायाचित्रांच्याही आधीचा आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ साली अशा गोल चित्राचे पेटंट घेतले, आणि पुढे लंडनमध्ये खास गोल इमारत बांधून ती चित्रे लोकांना दाखविली. मधोमध उभे राहायचे आणि सभोवार पाहायचे. आपल्याकडे राजा दीनदयाळ हे मोठे छायाचित्रकार होऊन गेले. आपले जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या सहाव्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार. त्या काळी काचेच्या पाट्यांवर फोटो घेत, आणि त्या मोठ्या काचांवर इतके बारीक उमटे की आजही भिंग लावून पाहणाऱ्याला काही ना काही नवे सापडते.

आणि आता तर ही युक्ती मंगळावर पोचली आहे. तेथे अमेरिकेची क्युरिऑसिटी नावाची यंत्रगाडी २०१२ साली उतरली. तिने २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीस एक हजारावर फोटो घेतले आणि ते जोडून एकशे ऐंशी कोटी ठिपक्यांचे एक चित्र झाले. त्यासाठी साडेसहा तासांहून अधिक वेळ लागला, पण तो चार दिवसांत वाटून घेतला. रोज तिथल्या घड्याळाप्रमाणे दुपारी बारा ते दोन एवढ्याच वेळात फोटो घ्यायचे, म्हणजे उजेड सारखा राहतो आणि शिवण उमटून दिसत नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. वेळ आणि शिवण हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी पुष्कळ जणींना घरी बोलावले होते. त्याआधी दोन दिवस भाच्याने ते चित्र आमच्या दूरदर्शन संचावर लावून दिले. पहिल्यांदा पाहिले ते माझ्या सासूबाईंनी. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, म्हणून त्या सहलीला आल्या नव्हत्या. पण त्यांचे माहेर मंठ्याकडचे. लहानपणी नवरात्रात कमळजादेवीच्या दर्शनाला त्या बैलगाडीने जात. चित्र मोठे करत करत भाच्याने सरोवराच्या काठचे देवीचे देऊळ समोर आणले, तेव्हा त्या पुढे सरकल्या आणि हात जोडूनच बसल्या. मग म्हणाल्या, "थोडं डावीकडं घे रं. तिथून आम्ही उतरायचो." आणि खरोखर झाडीतून एक पायवाट उतरताना दिसली. आम्ही त्या दिवशी तासभर काठावर उभ्या होतो, आम्हाला ती दिसली नव्हती.

पुढे दोन दिवस आम्हाला तोच छंद लागला. काठाच्या उतारावर काळ्या दगडाचे थर एकावर एक दिसत होते. ह्यांनी ते पाहून सांगितले की, आपल्या मळ्यातली विहीर खणताना लागला तोच हा पाषाण. खरेच आहे ते. आपला सारा मुलूख याच काळ्या दगडावर बसलेला आहे, आणि त्यात आकाशातून आलेला पाषाण आदळून लोणारचा हा खड्डा झाला. काठापासून काठापर्यंत सुमारे एक किलोमीटर आठशे मीटर आणि खोली दीडशे मीटरच्या आसपास. हा ज्वालामुखीचा खड्डा की आघाताचा, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. १९७३ साली तेथील दगडांत प्रचंड दाबानेच तयार होणारी काच सापडल्याचे शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले आणि आघाताची बाजू पक्की झाली. चंद्रावर आणि मंगळावर अशाच काळ्या दगडात खड्डे आहेत, म्हणून परदेशचे अभ्यासकही आपल्या लोणारला येतात. सासूबाईंना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "आमच्या आज्जीनं सांगितलं होतं की, इथं लवणासुर लपला होता आणि देवानं वरचं झाकण उडवलं. काही तरी वरून आलं आणि खाली खड्डा झाला, एवढं दोन्हीत सारखंच आहे की!"

पाणी त्या दिवशी हिरवट होते. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले होते, त्याची आठवण निघाली. पाणी आटून खारटपणा वाढला की खाऱ्या पाण्यात राहणारे अतिसूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांचा गुलाबी रंग पाण्याला येतो, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले होते. झुडपात एक मोर सापडला. आणि सर्वांत मौज म्हणजे, सहलीत एका मैत्रिणीच्या डब्याचे झाकण हरवले होते, त्यावरून येताना बसमध्ये थोडी कुरबूरही झाली होती, ते झाकण कठड्यावर ऊन खात पडलेले दिसले. सासूबाई म्हणाल्या, "लवणासुराचं झाकण काही सापडलं नाही, हिचं मात्र सापडलं!" आम्ही पोट धरधरून हसलो.

इथपर्यंत सारे गोड होते. आता कडू सांगते.

हळदीकुंकवाला चौदा जणी जमल्या होत्या. तिळगूळ झाला, वाण लुटले आणि मी मोठ्या हौसेने चित्र लावले. प्रत्येकीला आपले तोंड पाहायचे होते. "मला दाखव, मला दाखव," म्हणून गलका. चित्र फिरवता फिरवता कठड्याजवळच्या कडुनिंबापाशी आले. तिथे आपली एक तरुण मैत्रीण उभी होती. मान खाली, पदर तोंडापाशी. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर आपल्या बसचे चालक, कठड्याला टेकून तिच्या बाजूला तोंड करून हसत असलेले. तिचे यजमान बाहेरगावी नोकरीला. ती त्या दिवशी हळदीकुंकवाला आलेली नव्हती.

भगिनींनो, ते चित्र सर्वांत आधी मोठे कोणी केले? मी केले. "अगं बाई, ही बघा, एवढं हळूच काय बोलणं चाललंय!" असे कोण म्हणाले? मी म्हणाले. माझ्या मनात काही काळेबेरे नव्हते, थट्टेच्या ओघात बोलून गेले. एकीने दुसरीला कोपर मारले, तिसरी म्हणाली, "तरीच ही बसमध्ये पुढच्या बाकावर बसली होती." आणि मग सारे हसलो. हसणे डब्याच्या झाकणाला होते तसेच होते, पण त्या हसण्याचे काय होणार हे माझ्या ध्यानात आले नाही.

आठ दिवसांत ही गोष्ट तिच्या सासूबाईंच्या कानावर गेली. जाताना तिला हातपाय फुटले होते. 'फोटोत आहे, डोळ्यांनी पाहिले आहे' अशी वर साक्षही होती. तिचे शुक्रवारचे भजन बंद झाले. मंडळाच्या शिवणवर्गाला ती येईनाशी झाली. मी कारण विचारले तर कोणी नीट सांगेना. शेवटी मी तिच्या घरी गेले. ती दारातच उभी राहिली, "या" सुद्धा म्हणाली नाही. मग हळू आवाजात बोलली, "ताई, मी तिथं आईला फोन लावत होते. वारं होतं म्हणून पदर तोंडापाशी धरला होता. ड्रायव्हरकाकांशी मी एक शब्द बोलले नाही. ते तिथं नव्हतेच. तुमच्या फोटोत कुठून आले ते तुम्हीच बघा."

मी घरी आले आणि मला जेवण गेले नाही. खरे सांगते, माझ्या मनात तेव्हाही शंका होती. फोटो खोटे कसे बोलेल? चित्र तर मी स्वतः पाहिले होते. पण तिचे शेवटचे वाक्य डोक्यातून जाईना. दुपारी सगळे झोपल्यावर मी चित्र पुन्हा लावले. तांदूळ निवडताना आपण मूठभर दाणे पुढे घेतो, पाहतो, मागे सारतो, तसे ते चित्र कडेपासून पाहू लागले. दीड तासाने चहाच्या टपरीपाशी मला लाल चौकड्यांचा गमछा दिसला. मोठे करून पाहिले, तर आपले चालकच, हातात चहाचा पेला घेऊन बाकावर बसलेले! मी पुन्हा कडुनिंबापाशी गेले. तिथेही तेच, तोच गमछा. एकच माणूस एका चित्रात दोन ठिकाणी! मग तिला शोधले. तर तीही दुसरीकडे सापडली, आपल्या घोळक्यात सतरंजीवर बसून चिवडा वाढताना.

मी भाच्याला फोन केला. तो एकदम म्हणाला, "मावशी, ती तर शिवणीची जागा आहे!" आणि त्याने उलगडून सांगितले. चित्र पुरे वर्तुळ फिरून घेतले होते. बांगडीची दोन टोके जिथे जुळतात तसा तिथे पहिला तुकडा आणि शेवटचा तुकडा एकमेकांना भिडला होता. पहिल्या तुकड्यात ती होती, शेवटच्या तुकड्यात चालक होते. प्रत्येक फोटोवर तो घेतल्याची वेळ कॅमेरा लिहून ठेवतो. भाच्याने दोन्ही वेळा पाठवल्या. तिचा फोटो अकरा वाजून दहा मिनिटांचा, त्यांचा अकरा वाजून चौतीस मिनिटांचा. चोवीस मिनिटांचे अंतर कापून संगणकाने दोघांना हातभर अंतरावर उभे केले होते. शिवण इतकी सुबक होती की कोणाला दिसू नये. मंगळावर माणसे नाहीत, म्हणून तिथल्या चित्रात फक्त उजेड सांभाळला की झाले. इथे माणसांची अब्रू होती.

भाच्याने तेव्हा अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. २००९ च्या जानेवारीत तिथे ओबामा अध्यक्षपदाची शपथ घेत होते. डेव्हिड बर्गमन नावाच्या छायाचित्रकाराने दोनशे वीस फोटो जोडून त्या प्रसंगाचे असेच एक अजस्र चित्र केले. लाखो लोकांनी त्यात शिरून चेहरे शोधले. तेथील सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती डोळे मिटलेले दिसले, आणि न्यायमूर्ती झोपले म्हणून जगभर हसू झाले. आता पाहा, डोळ्याची पापणी लवते तेव्हाही डोळा मिटतोच. झोपले होते की पापणी लवली होती हे त्या एका तुकड्यावरून कोण सांगणार? पण हसणारे हसून गेले.

मी ते दोन्ही तुकडे वेगवेगळे छापून घेतले, वर वेळ लिहिली, आणि तिच्या सासूबाईंकडे गेले. त्यांच्यापुढे ठेवले आणि सांगितले की, ही चूक माझी. पुढच्या सभेत त्या चौदाही जणींसमोर तेच केले. चालकांनाही जाऊन भेटले, कारण नाव त्यांचेही गुंतले होते आणि त्यांनाही मुली आहेत. ते बिचारे एवढेच म्हणाले, "ताई, मी मागे पोरांची गंमत चालली होती ती पाहून हसत होतो."

सर्वांचे समाधान झाले असे मात्र नाही. एकीने जाताना म्हटलेच, "पण आगीशिवाय धूर निघतो का?" मला उत्तर सुचले नाही. माझ्या सासूबाई मात्र आतून म्हणाल्या, "अगं, समजा बोलली असती, तर काय झालं असतं? गाडी किती वाजता निघणार, एवढं बाईनं गाडीवाल्याला विचारू नये काय?" तेव्हा मला कळले की, माझी अर्धी चूक शिवण न दिसण्याची होती आणि अर्धी त्याहून जुनी होती. बाई आणि पुरुष जवळ उभे दिसले की आपण मधली रिकामी जागा आपल्याच मनाने भरतो. ती शिवण संगणकाने घातली नव्हती, आम्ही घातली होती.

ती मैत्रीण लगेच आली नाही. महिनाभर मी दर शुक्रवारी तिच्या दारावरून हाक मारत गेले. पाचव्या शुक्रवारी ती चपला घालून बाहेर आली. आज ती या सभागृहात बसलेली आहे आणि आजच्या कार्यक्रमाची रांगोळी तिच्या हातची आहे.

आता असे चित्र पाहूच नये का? तसे मी म्हणणार नाही. बारीक पाहणे हा तर आपल्या बायकांचा रोजचा अभ्यास. त्यानेच सासूबाईंना माहेरची वाट सापडली आणि त्यानेच शेवटी खरेही सापडले. अर्धवट पाहिले म्हणून घात झाला, पुरते पाहिले तेव्हा तो निस्तरला. मात्र तीन गोष्टी मी मनाशी बांधल्या आहेत. चित्र कसे आणि किती वेळात घेतले हे आधी विचारावे. डोळ्याला दिसले तेवढेच बोलावे, त्याला आपल्या पदरचा अर्थ जोडू नये. आणि ज्या माणसाचे चित्र आहे त्याला दाखवल्यावाचून दुसऱ्याला दाखवू नये. मोठ्या कंपन्यांनाही हे पाळावे लागते. २०२२ च्या जुलैत गुगलने पुणे, नाशिक, मुंबई यांसह दहा शहरांच्या रस्त्यांची सभोवार चित्रे खुली केली, त्यांत माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक पुसट केलेले असतात. जे अनोळखी माणसासाठी करतात ते आपण ओळखीच्या माणसासाठी करू नये काय? आपल्या मंडळाने तसा ठरावही केला आहे. सहलीचे चित्र त्यातील प्रत्येकीला विचारल्याशिवाय बाहेर लावायचे नाही.

लोणारचे ते चित्र अजून आमच्या घरी आहे. भाच्याने शिवण दुरुस्त करून दिली, आता कडुनिंबापाशी फक्त कडुनिंबच आहे. सासूबाई एकादशीला ते लावायला सांगतात आणि देवीला हात जोडतात. तुम्हीही कधी या, पाहा. मात्र कोणी दिसले तर मला सांगण्याआधी त्यालाच विचारा.

 जिच्याविषयी बोलले तिची पुन्हा एकदा सर्वांसमक्ष क्षमा मागते आणि माझे दोन शब्द संपवते.